गाडीतले खेळणे : नुसता शिक्का पुरेसा नाही

लहान मुलांच्या सुरक्षिततेशी संबंधित दोन नियम आपल्याकडे जेमतेम सव्वा वर्षाच्या अंतराने लागू झाले. १ सप्टेंबर २०१९ पासून मोटार वाहन कायद्याच्या १९४-ब या कलमानुसार, चौदा वर्षांखालील मूल सीटबेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय गाडीत असेल तर चालकाला एक हजार रुपये दंड होऊ शकतो. त्यानंतर १ जानेवारी २०२१ पासून, चौदा वर्षांखालील मुलांसाठी विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचा आयएसआय शिक्का बंधनकारक झाला. वयोमर्यादा एकच, पण हे दोन्ही नियम एकमेकांकडे पाहत नाहीत. त्यांची गाठ पडते ती गाडीच्या मागच्या सीटवर, आणि नेमकी तिथेच फट राहते.

आधी शिक्का काय सांगतो ते पाहू. खेळण्याला धारदार कडा किंवा टोके आहेत का, सहज निखळून तोंडात जातील असे लहान भाग आहेत का, रंगात शिसे किंवा इतर घातक धातू मर्यादेपेक्षा जास्त आहेत का, ते पटकन पेट घेते का, याची तपासणी त्यामागे असते. विजेवर किंवा सेलवर चालणाऱ्या खेळण्यांसाठी वेगळे मानक आहे. शिक्क्यासोबत ‘सीएम/एल’ या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असतो आणि तो ‘बीआयएस केअर’ या सरकारी अॅपवर टाकून खरा की खोटा हे पाहता येते. सिग्नलवर किंवा जत्रेत घेतलेल्या स्वस्त प्लास्टिकच्या खेळण्यावर बहुधा यातले काहीच नसते. त्यामुळे खरेदी करताना शिक्का पाहायलाच हवा.

पण ही तपासणी खेळणाऱ्या मुलाचा विचार करून केलेली असते. ते खेळणे धावत्या गाडीत असेल आणि गाडी अचानक थांबली तर काय होईल, हा प्रश्न त्या तपासणीत नाही. तो पालकांनाच विचारावा लागतो.

उत्तर शाळेतल्या भौतिकशास्त्रात आहे. गाडी ५० किलोमीटर वेगाने जात असताना कशावर तरी आदळून थांबली, तरी आतली सुटी वस्तू त्याच ५० च्या वेगाने पुढे जात राहते. हा वेग सुमारे दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडलेल्या वस्तूच्या वेगाइतका असतो. ८० च्या वेगाला तोच हिशेब आठव्या मजल्यावर जातो. आता अर्ध्या किलोचा लोखंडी ट्रक, लाकडी बैलगाडी, रिमोटची मोटार किंवा टॅब्लेट आठव्या मजल्यावरून कोणाच्या डोक्यावर पडला तर काय होईल, ते सांगायला डॉक्टर लागत नाही. चिंध्यांची बाहुली पडली तर मात्र फारसे काही होणार नाही. म्हणून गाडीतल्या खेळण्याची पहिली कसोटी सोपी आहे : हे खेळणे जोरात माझ्या तोंडावर फेकले तर मला चालेल का? चालणार नसेल तर त्याची जागा डिकीत.

कोकणातून परतताना सावंतवाडीची लाकडी खेळणी घेण्याची अनेक घरांत रीत आहे. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांच्या खेळण्यांना शिक्क्याच्या सक्तीतून सूट आहे, त्यामुळे शिक्का नाही म्हणून ती वाईट ठरत नाहीत. ती जरूर घ्यावीत. फक्त घरी पोहोचेपर्यंत ती सामानात बांधलेली असावीत.

हाच नियम मोठ्यांच्या वस्तूंनाही लावायला हवा. मागच्या काचेखाली ठेवलेली छत्री, पाण्याची स्टीलची बाटली, डबा आणि डॅशबोर्डवरची धातूची किंवा दगडी मूर्ती या सगळ्या सुट्या वस्तूच आहेत. अनेक गाड्यांत डॅशबोर्डच्या डाव्या भागाखाली एअरबॅग असते. ती उघडते तेव्हा वर चिकटवलेली मूर्ती पुढच्या सीटवरच्या माणसाच्या दिशेने उडते. श्रद्धेसाठी सपाट चित्र पुरते, आणि तेही एअरबॅगच्या झाकणावर नको.

एअरबॅगचा विषय निघाला आहे तर मूल कुठे बसते हेही बोलायला हवे. डिसेंबर २०२४ मध्ये नवी मुंबईत वाशी येथे पुढच्या बाजूला बसलेल्या सहा वर्षांच्या मुलाचा, अपघातात एअरबॅग उघडल्यानंतर मृत्यू झाला. एअरबॅग ही प्रौढ शरीरासाठी बनवलेली आणि पापणी लवण्याआधी फुगणारी वस्तू आहे. लहान मुलाचे डोके आणि मान तिच्या थेट माऱ्यात येतात. म्हणून मुलांची जागा मागेच. मागे तोंड करून बसवायची बाळाची सीट तर चालू एअरबॅगसमोर कधीही लावू नये. बाळ दोन वर्षांचे होईपर्यंत, किंवा त्या सीटच्या वजन-उंचीच्या मर्यादेपर्यंत, ते मागे तोंड करूनच बसलेले चांगले, कारण त्या वयात डोके जड आणि मान नाजूक असते.

खेळण्याच्या निवडीचा खरा गुंता इथे आहे. आपल्याकडे गाडीत खेळणे बहुतेकदा बेल्टच्या ऐवजी दिले जाते. मूल मांडीवर बसते, दोन सीटच्या मधल्या फटीत उभे राहते, हल्ली तर सनरूफमधून डोके बाहेर काढते, आणि ‘तो खेळतोय, रडत नाही’ यावर सगळे खूश असतात. ५० च्या वेगाची गाडी अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर दहा किलोचे मूल हातांत धरून ठेवायला जवळजवळ दोनशे किलो वजन पेलण्याइतकी ताकद लागते. ती कुठल्याही आईच्या, आजीच्या हातांत नसते. तेव्हा खेळण्याने मुलाला सीटमध्ये बांधलेल्या अवस्थेत रमवले पाहिजे. जे खेळणे वापरण्यासाठी बेल्ट सोडावा लागतो, ते कितीही चांगल्या कंपनीचे असले तरी गाडीसाठी चुकीचे.

दुसरी बाजू चालकाची. खेळणे खाली पडले, मूल रडू लागले, आणि गाडी चालवणारे बाबा एक हात मागे घालून ते शोधू लागले, हे दृश्य नवे नाही. ८० च्या वेगाने दोन सेकंदांत गाडी ४४ मीटर पुढे जाते, आणि तेवढा रस्ता न पाहता कापला जातो. म्हणून घरातला नियम ठरवून टाकावा : पडलेले खेळणे गाडी थांबेपर्यंत पडलेलेच राहील. दोन-तीन खेळणी मुलाच्या हाताला लागतील अशा कापडी खिशात ठेवावीत. कर्कश आवाजाची, सायरनची खेळणी बंद गाडीत मुलाच्या कानालाही वाईट आणि चालकाच्या लक्षालाही. खेळणे पडू नये म्हणून लांब दोरीने सीटला बांधणेही टाळावे, ती दोरी मानेभोवती अडकू शकते. दोरी वीतभराहून लहानच असावी.

तिसरा धोका तोंडात जाणाऱ्या वस्तूंचा. तो घरीही असतो, पण गाडीत मूल पाठमोरे किंवा मागे असते आणि श्वास पूर्ण अडकलेले मूल आवाज करत नाही. तीन वर्षांखालील मुलाजवळ साधारण तीन सेंटिमीटरहून लहान असे काहीही नको : गोट्या, मणी, फुग्यांचे तुकडे, पाण्यात फुगणारे रंगीत मणी. शेंगदाणे, फुटाणे, जेलीच्या गोळ्या यांचेही तेच. काठीवरची कँडी किंवा पेन्सिल तोंडात असताना ब्रेक लागला तर टाळूला आणि घशाला खोल जखम होते.

यात सर्वांत फसवा तो चपटा बटण सेल. तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही तिथले आवरण जळू लागते. ज्या खेळण्याचे सेलचे झाकण स्क्रूने बंद होत नाही, ते गाडीत आणि घरातही नको. मुलाने सेल गिळल्याचा संशय आला तर उलटी करवू नये, थेट एक्स-रेची सोय असलेले रुग्णालय गाठावे. मूल एक वर्षापेक्षा मोठे असेल आणि नीट गिळत असेल, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे मध देता येतो. मात्र मधासाठी थांबू नये. एकाहून अधिक लोहचुंबक गिळले तर ते आतड्याच्या भिंती मधे पकडून भोक पाडू शकतात, तिथेही वाट पाहणे नको.

श्वास अडकला तर गाडी लगेच बाजूला घ्यावी. मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्यावे. आवाजच फुटत नसेल, तर वर्षाखालील बाळाला हातावर पालथे, डोके खाली ठेवून दोन खांद्यांच्या मध्ये पाच थापा माराव्यात, मग उताणे करून छातीच्या मध्यभागी पाच दाब द्यावेत. मोठ्या मुलाला पाठीवर पाच थापा आणि मग मागून मिठी घालून बेंबीच्या वर, आत आणि वरच्या दिशेने पाच झटके. वस्तू दिसत नसताना तोंडात बोट फिरवू नये. दुसऱ्याने तोपर्यंत १०८ ला फोन करावा.

मग गाडीत द्यायचे काय? लहान बाळाला कापडी पुस्तक, मऊ चेंडू, शिवलेल्या डोळ्यांची बाहुली. तीन-चार वर्षांपुढे कापडी बोटबाहुल्या. मोबाईलचा पडदा आणि पुस्तक घाटात देऊ नये. डोळे स्थिर पानावर आणि कान वळणांवर असले की मेंदूचा गोंधळ होतो आणि गाडी लागते. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास अधिक होतो. त्यापेक्षा बाहेर पाहायला लावणारे खेळ बरे : पुढच्या गाडीची पाटी वाचून ती एमएच १२ पुण्याची की एमएच ०९ कोल्हापूरची ते ओळखणे, गावांच्या नावांच्या भेंड्या, अंताक्षरी. यांना शिक्का लागत नाही आणि ते उडून लागतही नाहीत.

चाइल्ड सीटला काही हजार रुपये पडतात. आमच्या रुग्णालयात येणाऱ्या बहुतेक कुटुंबांना ते परवडत नाहीत आणि त्यांचा प्रवास वडापच्या जीपने किंवा रिक्षाने होतो, हे वास्तव आहे. त्यांना दंडाची भीती घालून उपयोग नाही. पण जिथे लाखो रुपयांची गाडी आहे, सनरूफसाठी वरचे पैसे मोजले आहेत आणि मागे खेळण्यांचा ढीग आहे, तिथे सीट नसणे हा पैशाचा प्रश्न नाही. सरकारी पातळीवर दोन गोष्टी आजही जमण्यासारख्या आहेत. प्रसूतीनंतर बाळाला घरी पाठवताना आणि लसीकरणाच्या दिवशी, स्तनपानाच्या सल्ल्यासोबत बाळाला गाडीतून कसे न्यायचे हेही दोन मिनिटे सांगता येईल. आणि खेळण्याच्या खोक्यावर वयोगट छापतात, तसे ‘धावत्या गाडीत वापरू नये’ एवढे वाक्य कडक, जड खेळण्यांवर छापायला लावता येईल.

तोपर्यंत सुट्टीला निघताना किल्ली फिरवण्याआधी एकदा मागे वळून पाहावे. मूल मागच्या सीटवर बांधलेले आहे का, हातातले खेळणे मऊ आणि हलके आहे का, आणि बाकीचे सगळे डिकीत गेले आहे का.