माझे पैसे कुठे आहेत?

बँकेत असताना चेक परत करायचा, तर मेमोवर आम्ही पुष्कळदा ‘रिफर टू ड्रॉअर’ एवढेच लिहीत असू. चेक देणाऱ्याची अब्रू झाकली जाई आणि घेणाऱ्याला कोणाकडे जायचे तेही कळे.

पुढे संगणक आले. एकदा एका पेन्शनर आजींचे पैसे काढताना पडद्यावर अक्षरे उमटली : ‘ओआरए-००९४२ : टेबल ऑर व्ह्यू डझ नॉट एग्झिस्ट.’ मी ती मोठ्याने वाचली. आजी म्हणाल्या, “टेबल तर हे समोर आहे, साहेब. माझे पैसे कुठे आहेत?”

ओरॅकलच्या भाषेत टेबल म्हणजे नोंदींचा तक्ता. तो नसला काय किंवा पाहण्याचा अधिकार नसला काय, संदेश हाच. हा मोघमपणा शहाणपणाचा आहे. आतली सारी रचना पडद्यावर सांडली, तर चोराच्या हाती घराचा नकाशाच पडेल.

पण चोरापासून लपवताना खातेदारालाही अंधारात का ठेवावे? तांत्रिक तपशील तंत्रज्ञाच्या नोंदवहीत जावा. आजींना तीनच गोष्टी कळाव्यात : व्यवहार झाला की नाही, आता काय करायचे आणि तक्रारीचा क्रमांक कोणता.

आज मोबाइलवर ‘समथिंग वेंट राँग’ एवढेच उमटते, तेव्हा वाटते, आमच्या त्या मेमोत निदान पुढचा पत्ता तरी होता!