अंगणात टायर बदलला आणि वीस वर्षांच्या बातम्या आठवल्या

पोस्ट मोठी आहे. पण तुमच्या घरात मोटारसायकल असेल तर शेवटपर्यंत वाचा.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. लेकीला क्लासवरून घेऊन येत होतो. रिमझिम पाऊस, वेग जेमतेम तीस-पस्तीस. स्पीडब्रेकरच्या पांढऱ्या पट्ट्यांवर ब्रेक दाबला आणि मागचं चाक एका बाजूला निघून गेलं. दोघंही आडवे. माझा गुडघा सोलला, तो काही विषय नाही. लेकीच्या हनुवटीला सहा टाके पडले.

त्या रात्री मी इथेच फेसबुकवर रस्त्याच्या नावाने चांगली शंख करणारी पोस्ट टाकली होती. तुमच्यापैकी अनेकांनी ती शेअरही केली. आज त्या पोस्टमध्ये राहून गेलेली अर्धी बाजू सांगतो.

चार-पाच दिवसांनी मागचं चाक पंक्चर झालं. आमचे नेहमीचे पंक्चरवाले चाचा गावाला गेलेले. गाडी अंगणात, हाताशी रविवार. म्हटलं, आपणच खोलू. यूट्यूबवर दोन व्हिडिओ पाहिले, शेजारच्या पोराकडून पाने आणि दोन टामी आणल्या आणि बसलो.

टायर पुसताना त्याच्या बाजूवर छोट्या लंबगोल चौकटीत चार आकडे दिसले. 1417. हे आकडे म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे हा टायर 2017 सालच्या चौदाव्या आठवड्यात बनलेला. आणि मी तो 2024 मध्ये एका दुकानातून 'नवा' म्हणून बसवून घेतला होता. नक्षी शाबूत, रंग काळाभोर. पण कडेला वाकवून पाहिलं तर उन्हाळ्यातल्या शेतासारख्या बारीक भेगा. रबर वापरलं नाही तरी वयाने कडक होतं आणि कडक रबर ओल्या रस्त्यावर पकड धरत नाही.

त्या टायरमुळेच आम्ही पडलो, असं मी छातीठोक म्हणणार नाही. ओल्या पांढऱ्या रंगावर चांगला टायरही घसरतो. पण लेकीला मागे बसवून मी सात वर्षांच्या रबरावर फिरत होतो आणि मला ते माहीतही नव्हतं, एवढं खरं. दुकानदाराने फसवलं हे जितकं खरं, तितकंच मी खाली वाकून एकदाही पाहिलं नाही हेही खरं.

आता माझ्या धंद्याचं बोलतो. वीस वर्षं तालुक्याच्या बातम्या लिहितोय. 'दुचाकी घसरून तरुण ठार', 'नियंत्रण सुटल्याने अपघात' अशा किती बातम्या लिहिल्या, मोजदाद नाही. नियंत्रण सुटलं म्हणजे नेमकं काय सुटलं, हा प्रश्न मी एकदाही विचारला नाही. मृताचं वय, गाव, मागे कोण आहे, सगळं विचारलं. गाडीचा टायर कसा होता, हे ना ठाण्यात विचारलं, ना घटनास्थळी वाकून पाहिलं. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे 2022 मध्ये देशात रस्ते अपघातात 1 लाख 68 हजार 491 माणसं गेली. त्यातले सुमारे 44 टक्के दुचाकीवरचे. यातले किती जण गुळगुळीत किंवा वाळक्या टायरवर होते? माझ्या बातम्या वाचून तरी ते कोणाला कळणार नाही.

कायदा काही झोपलेला नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत, नियम 94 मध्ये, दुचाकीच्या टायरची नक्षी किमान 0.8 मिलिमीटर खोल असली पाहिजे असं स्पष्ट लिहिलंय. टायरच्या खाचांमध्ये ठरावीक ठिकाणी बारीक उंचवटे असतात. नक्षी झिजून त्या उंचवट्यांना टेकली की टायर संपला. पण चौकात हेल्मेट बघतात, लायसन बघतात, पीयूसी बघतात. टायरकडे वाकून बघणारा मला तरी अजून भेटायचाय.

म्हणून माझं म्हणणं असं की प्रत्येक गाडीवाल्याने आयुष्यात एकदा तरी आपल्या गाडीचा टायर घरी स्वतः बदलून बघावा. पैसे वाचवायला नाही, टायर नीट ओळखीचा व्हावा म्हणून.

अवघड आहे का? पहिल्यांदा आहे. मला तीन तास लागले. माझी साधी शंभर सीसीची, ट्यूबवाली गाडी. मेन स्टँड लावायचा, सायलेन्सर गार होऊ द्यायचा. ब्रेकचा रॉड, ब्रेक प्लेटला धरून ठेवणारी पट्टी, मग एक्सलचा नट. कुठला बूश कुठल्या बाजूचा, याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवायचा. व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडायची आणि टायरची कड पायाने दाबून रिमपासून सोडवायची. मग टामी लावताना एक गोष्ट लक्षात ठेवा. जिथे टामी लावली त्याच्या बरोबर समोरची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात गुडघ्याने दाबून धरा. ते केलं नाही तर पैलवान असलात तरी टायर निघत नाही. केलं आणि साबणाचं पाणी लावलं, तर माझ्यासारखा पेन धरणाराही काढतो.

नवा टायर घालताना बाणाची दिशा बघा. टायर नवा तर ट्यूबही नवी. ट्यूबमध्ये थोडी हवा भरूनच आत सरकवा, नाहीतर टामीत चिमटते. माझी चिमटली. नवीकोरी ट्यूब पहिल्याच दिवशी भोकाची. चाचांकडे दोन दिवसांनी गेलो तर म्हणाले, "पत्रकार, टामी पेनासारखी नाही धरायची. थोडं थोडं उचलायचं." पॅच लावला, पैसे घेतले नाहीत. चहा मात्र माझ्याकडून प्यायले.

आणि एक ताकीद. ब्रेक प्लेटची ती पट्टी आणि तिची पिन परत लावायला विसरलात, तर पहिल्याच जोरदार ब्रेकला प्लेट फिरते आणि चाक जाम होऊ शकतं. चेनचा ताण दोन्ही बाजूंच्या खुणा बघून सारखा ठेवा, हवा गाडीच्या पुस्तकात दिली आहे तेवढीच भरा. पहिली चक्कर गल्लीत, सावकाश. नवा टायर सुरुवातीचे शंभरेक किलोमीटर गुळगुळीतच असतो. जरा जरी शंका वाटली तर चाक जोडून झाल्यावर मेकॅनिकला दाखवा. त्यात कमीपणा नाही.

काही जण म्हणतील, साहेब, पंक्चरवाल्यांच्या पोटावर पाय देताय. हाच प्रश्न मी चाचांना विचारला. ते हसले. म्हणाले, "तुम्ही एकदा घरी करा, मग आमची मजुरी जास्त आहे असं कधी म्हणणार नाही." खरंय. पन्नास-शंभर रुपयांसाठी घासाघीस करणारा मी, त्या तीन तासांनंतर गप्प झालो. शिवाय ट्यूबलेस टायर आणि मोठ्या गाड्यांची चाकं मशीनवरच नीट बसतात, ती त्यांच्याकडेच न्यावीत. पण नेताना आपल्याला काय बघायचं ते माहीत असावं.

बाकी, टायर चांगला म्हणून खड्डा माफ होत नाही. खड्डा हा खड्डाच. रस्त्याबद्दल मी लिहिलं ते मागे घेत नाही, पुढेही लिहीन. पण माझी बाजू नीट ठेवली की त्यांना जाब विचारताना आवाज चढवता येतो. वाळक्या टायरवर बसून मी कोणत्या तोंडाने विचारणार?

दोन मागण्या आहेत. पहिली, गावातल्या टायर दुकानदारांना. बिलावर टायरचे ते चार आकडे लिहून द्या. एका ओळीचं काम आहे. जो देईल त्याचं कौतुक मी इथे लिहीन. दुसरी, पोलीस आणि आरटीओच्या साहेबांना. महिन्यातून एकदा तरी चौकात फक्त टायर तपासा. पहिल्या दिवशी दंड करू नका, नुसतं दाखवून द्या.

आणि एक कबुली माझ्याकडून. यापुढे दुचाकी अपघाताची बातमी लिहिताना टायर कसा होता हे मी विचारणार. नाही कळलं तर तेही बातमीत लिहिणार.

आज संध्याकाळी गाडी लावताना एकदा खाली वाका. मोबाईलची बॅटरी लावा आणि ते चार आकडे शोधा. पुढच्या टायरचे, मागच्या टायरचे. सापडले की खाली कमेंटमध्ये टाका. बघू तरी, आपलं गाव कुठल्या सालच्या रबरावर चाललंय.