लेखक, अभिकर्ता आणि करारपत्र

मराठी ग्रंथव्यवहाराची चर्चा सामान्यतः लेखक, प्रकाशक, विक्रेता आणि वाचक या चार घटकांभोवती फिरते. इंग्रजी ग्रंथव्यवहारात लेखक आणि प्रकाशक यांच्यामध्ये आणखी एक घटक असतो, तो म्हणजे लेखकाचा अभिकर्ता अथवा लिटररी एजंट. आपली कृती अनुवादरूपाने इंग्रजीत जावी अशी इच्छा असलेल्या मराठी लेखकाचा त्याच्याशी संबंध येऊ शकतो. म्हणून त्याची पारख कशी करावी, हा प्रश्न वाङ्मयाच्या अभ्यासकांनीही आपला मानला पाहिजे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पर्वात लंडनमध्ये ए. पी. वॉट यांनी या व्यवसायाला स्थिर रूप दिले. विल्यम हाइनमान यांच्यासारख्या प्रकाशकांना हा मध्यस्थ रुचला नाही. तथापि जे. बी. पिंकर यांनी जोसेफ कॉनरॅड यांना अडचणीच्या काळात वर्षानुवर्षे आगाऊ रकमा देऊन लिहिते ठेवले, हेही विसरता येत नाही. ब्रिटन-अमेरिकेत आज अभिकर्ता लेखकाच्या उत्पन्नातून साधारणतः १५ टक्के, तर परदेशी व अनुवादाच्या हक्कांवर बहुधा २० टक्के दलाली घेतो. लेखकाला मिळाले तरच त्याला मिळते, हे या नात्याचे मर्म होय.

पारखेची पहिली कसोटी यातूनच निघते. हस्तलिखित वाचण्यासाठीच पैसे मागणारा मनुष्य अभिकर्ता नव्हे. अमेरिकेतील अभिकर्त्यांच्या संघटनेची आचारसंहिता सदस्यांना वाचनशुल्क घेण्यास मनाई करते. दुसरी कसोटी अभ्यासकाच्या परिचयाची आहे. आपल्या लेखनाशी नाते सांगणाऱ्या इंग्रजी पुस्तकांतील ऋणनिर्देश वाचावेत. तेथे अभिकर्त्याचे नाव पुष्कळदा सापडते. त्याने अनुवादित पुस्तके कोणत्या प्रकाशकांना दिली, हे पाहावे. तिसरी कसोटी कराराची : मुदत किती, कोणते हक्क सोपविले आणि संबंध संपविण्याची वाट कोणती?

मग मराठीतच हा व्यवसाय का रुजला नाही? कारण मुख्यतः आर्थिक आहे. ३०० रुपये किमतीच्या पुस्तकाच्या १००० प्रती विकल्या गेल्या आणि मानधन १० टक्के धरले, तर लेखकाला ३०,००० रुपये मिळतील. त्यावर १५ टक्के दलाली म्हणजे ४,५०० रुपये. एवढ्यावर कोणाचा चरितार्थ चालणार? तात्पर्य, मूळ मराठी पुस्तकापुरता लेखक हाच स्वतःचा अभिकर्ता असतो. ही भूमिका त्याने अजाणतेपणी पार पाडावी, हे मात्र पटण्यासारखे नाही.

१९५७ च्या कॉपीराइट अधिनियमातील कलम १९ नुसार हक्कांचे अभिहस्तांतरण लेखी व स्वाक्षरीयुक्त असावे लागते. मुदत नमूद नसल्यास ती पाच वर्षे आणि प्रदेश नमूद नसल्यास तो भारतापुरता मानला जातो. छापील करारातील ‘सर्व हक्क’ या दोन शब्दांत अनुवाद, चित्रपट आणि श्राव्य आवृत्ती ही स्वतंत्र मूल्ये एकदम निघून जाऊ शकतात. सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्ल्यू’ मराठीत २००६ मध्ये, जेरी पिंटो यांच्या इंग्रजी अनुवादात २०१३ मध्ये आणि चित्रपटरूपात २०२२ मध्ये आली. एकाच कृतीच्या हक्कांना असे वेगवेगळे आयुष्य असते, आणि त्याचा अंदाज सही करण्याच्या दिवशी कोणालाही नसतो.

आपल्या विभागांतून संहितेची चिकित्सा कसून शिकविली जाते. तीच सावध नजर करारपत्राकडे आणि अभिकर्त्याच्या दाव्यांकडे वळविली जावी, एवढीच अपेक्षा आहे. व्यवहाराची चिकित्सा करणे वाङ्मयाला कमीपणा आणणारे आहे, हा समज लेखकाच्या हिताचा नाही आणि वाङ्मयाच्याही नाही.