चालतंय ना? मग हात लावू नकोस!

बऱ्याच दिवसांनी इथे लिहितोय. आज जरा रागात आहे. थोडा दुसऱ्यांवर, बराचसा स्वतःवर. शेवटपर्यंत वाचलंत तर कारण कळेल.

आमच्या धंद्यात एक वाक्य सगळ्यांना तोंडपाठ असतं. "चालतंय ना? मग हात लावू नकोस." साहेब म्हणतात, व्हेंडर म्हणतो, नव्या पोराला आम्ही सीनियर मंडळीही हेच शिकवतो. वर याला अनुभवाचं शहाणपण म्हणतो. माझं म्हणणं असं की हे शहाणपण वगैरे काही नाही. ही भीती आहे, आणि तिची किंमत आपण सोडून भलताच कुणीतरी मोजतो.

इथे वाचायला येणाऱ्या नातेवाईक मंडळींसाठी आधी थोडं सोपं करून सांगतो. (मामा गेल्या गणपतीत विचारत होते, "म्हणजे तू वायरी जोडतोस का रे?" मामा, हे तुमच्यासाठी.)

१२ सप्टेंबर २०२५ ला परळचा एल्फिन्स्टन पूल पाडण्यासाठी बंद केला. लगेच लोक काय करायला लागले? कुणी दादरच्या टिळक पुलावरून वळलं, कुणी करी रोडवरून, कुणी चिंचपोकळीवरून. त्याआधी २०१८ साली लोअर परळचा डिलाईल पूल बंद झाला तेव्हाही हेच. आता समजा परळ नाक्यावर कुणीतरी ऑइलपेंटने पाटी रंगवून ठेवली आहे, "प्रभादेवीला जायचंय? सरळ पुलावर जा." पूल गेला तरी पाटी तशीच. ह्या पाटीला आम्ही स्टॅटिक रूट म्हणतो. आणि प्रत्येक नाक्यावरचे हवालदार एकमेकांना सारखं "माझ्याकडचा रस्ता चालू आहे, तुझ्याकडचा?" असं विचारत असतील, कुठे काही बंद झालं की सगळ्यांना कळवत असतील आणि जो तो आपल्या नकाशावर सगळ्यात जवळची वाट पुन्हा काढत असेल, तर ते डायनॅमिक राउटिंग.

मोठ्या इमारतींतले मुख्य स्विच, म्हणजे कोअर स्विच, एकमेकांशी हेच करतात. त्यांच्या एका भाषेचं नाव ओएसपीएफ. साधारणपणे दर १० सेकंदांनी 'हॅलो' जातो. ४० सेकंद काही ऐकू आलं नाही तर शेजारी गेला असं धरतात आणि नवी वाट काढतात. ती वाट काढण्याची रीत एड्स्गर डाइक्स्ट्राला १९५६ साली ॲमस्टरडॅमच्या एका कॅफेत, कागद-पेन्सिलीशिवाय, वीसेक मिनिटांत सुचली होती. आम्हाला मात्र ती चालू करायला वर्षं लागतात. असो.

आता त्या रात्रीबद्दल. मध्य मुंबईतलं एक रुग्णालय, नाव लिहीत नाही. दोन इमारती, दोन कोअर स्विच, मध्ये दोन वेगळ्या वाटांनी टाकलेल्या दोन फायबर. टेंडरमध्ये ठळक अक्षरांत 'रिडंडंट'. पावसाळ्याआधीची रस्तेखोदाई चालू होती आणि रात्री साडेअकराला एक फायबर तुटली. काही बिघडायला नको होतं. दुसरी होती ना!

पण लॅबचे रिपोर्ट वॉर्डात दिसायचे बंद झाले. मी पोचलो तेव्हा वॉर्डबॉय कागद घेऊन दोन इमारतींमध्ये पळत होते. एक सिस्टर फोनवर प्लेटलेटचा आकडा ऐकून तळहातावर पेनाने लिहून घेत होत्या. मला बघून एवढंच म्हणाल्या, "भाऊ, लवकर करा हो."

पहिला अर्धा तास सर्व्हरवाल्यांशी भांडण्यात गेला. तो प्रत्येक ठिकाणी जातोच. दोन्ही लिंकचे दिवे हिरवे होते, त्यामुळे नेटवर्कवर कुणाचा संशय जाईना. तुटलेल्या फायबरचा दिवासुद्धा हिरवा! कारण स्विच आणि फायबर यांच्यामध्ये मीडिया कन्व्हर्टरचा छोटा डबा होता. स्विचला तो डबा जिवंत दिसत होता. डब्याच्या पलीकडे काय झालंय ते स्विचला कसं कळणार?

मग शेजाऱ्यांची यादी काढली. तुटलेल्या लिंकवरचा शेजारी यादीतून गेला होता, म्हणजे ओएसपीएफने आपलं काम चाळीस सेकंदांत केलं होतं. दुसऱ्या लिंकवरचा शेजारी मात्र 'एक्सस्टार्ट'वर अडकलेला. हे म्हणजे चाळीतल्या त्या दोन बिऱ्हाडांसारखं. रोज जिन्यात "काय, बरं आहे ना?" होतं, पण उंबऱ्याच्या आत कुणी कुणाला घेत नाही. हॅलो होत होता, नकाशांची देवाणघेवाण होत नव्हती. कारण एका बाजूला एमटीयू, म्हणजे एका पाकिटात किती माल मावेल ती मर्यादा, ९००० होती आणि दुसऱ्या बाजूला १५००. बॅकअपसाठी कुणीतरी कधीतरी एका टोकाला वाढवून ठेवली होती. देवाणघेवाण सुरू होताना दोघं आपापली मर्यादा सांगतात. समोरच्याची आपल्याला झेपणारी नसेल तर गाडी तिथेच थांबते.

बरोबरचा मुलगा म्हणाला, "सर, एमटीयू बघूच नको अशी कमांड आहे, ती टाकूया?" आहे खरी. पण त्याने शेजार जुळतो आणि फरक तसाच राहतो. मग मोठी पाकिटं गुपचूप गळतात, आणि ते शोधायला पुढची रात्र. दोन्हीकडे १५०० केलं. काही सेकंदांत शेजारी 'फुल'. आम्ही टाळ्या दिल्या.

रिपोर्ट तरीही येईनात.

राउटिंगच्या तक्त्यात बघितलं तर लॅबच्या ओळीपुढे 'एस'. स्टॅटिक. ऑइलपेंटची पाटी! स्विचच्या हिशेबात हाताने लिहिलेल्या रूटचं वजन १ आणि ओएसपीएफचं ११०, आणि ज्याचा आकडा लहान त्याचं ऐकायचं. डबा जिवंत होता म्हणून पाटीही जिवंत होती, आणि सगळी पाकिटं तुटलेल्या फायबरच्या विहिरीत पडत होती. दोन्ही बाजूंच्या त्या ओळी काढल्या आणि रिपोर्ट धडाधड यायला लागले. पावणेतीन वाजले होते.

रूटला नाव देता येतं. काढण्याआधी ते नाव मी वाचलं होतं. 'टेम्प', आणि पुढे माझीच आद्याक्षरं.

सहा वर्षांपूर्वी उद्घाटनाच्या आदल्या रात्री शेजार जुळत नव्हता. सकाळी फीत कापायची होती. मी दोन ओळी टाकल्या, नंतर काढू म्हटलं आणि शेवटची लोकल पकडली. पुढे शेजार जुळला, ओळी राहिल्या. मग आपलं नेहमीचंच. चालतंय ना?

त्या रात्री कुणाचं बरंवाईट झालं नाही. त्याचं श्रेय वॉर्डबॉयच्या पायांना आणि त्या सिस्टरच्या तळहाताला. आमच्या लाखोंच्या स्विचना नाही.

ओळखीच्या लोकांना हे सांगितलं की दोन उत्तरं येतात. पहिलं, "स्टॅटिक बरा, निदान काय होणार ते ठाऊक असतं." एकच वाट असलेल्या छोट्या शाखेत बरा, कबूल. पण दोन वाटा विकत घ्यायच्या आणि पाटी एकीचीच रंगवायची, याला काय म्हणायचं?

दुसरं उत्तर, "फेसबुकचं काय झालं बघितलंस ना?" बघितलं. ४ ऑक्टोबर २०२१ ला देखभालीच्या एका चुकीच्या आदेशाने त्यांचं आतलं जाळं तुटलं, मग त्यांचे पत्तेच इंटरनेटवरून मागे घेतले गेले आणि जवळपास सहा तास सगळं ठप्प. पण त्यांनी नंतर काय लिहिलं तेही वाचा. सगळं पुन्हा उभं करणं त्यांना जमलं, कारण मुद्दाम यंत्रणा पाडून बघायच्या कवायती ते वर्षानुवर्षं करत होते. फक्त सगळंच जाळं एकदम गेलं तर, ही कवायत कधी केली नव्हती. ज्याचा सराव केला ते तरलं, ज्याचा नाही केला तिथे बुडाले. मी याहून वेगळं काय सांगतोय?

आपल्याकडचं उदाहरण हवं? १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. बाहेरची वीज गेली तरी शहर वेगळं काढून चालू ठेवायची आपली ती प्रसिद्ध 'आयलंडिंग' यंत्रणा होती ना? ऐन वेळी शहर वाचलं नाही.

माझं मागणं साधं आहे. वर्षातून दोनदा, दिवसाढवळ्या, डॉक्टर-सिस्टरना आधी सांगून, वॉर्डबॉय तयार ठेवून, एक फायबर हाताने उपटा. मग दुसरी. किती सेकंद गेले ते लिहून ठेवा. डब्याच्या पलीकडची उपटा, अलीकडची उपटून काही कळणार नाही. नवं काम ताब्यात घेताना हिरव्या दिव्यांवर बिल पास करू नका, आधी केबल काढायला सांगा. आणि 'टेम्प' लिहिणाऱ्याकडून काढायची तारीखही लिहून घ्या.

साहेब म्हणतात, "अर्धा तास डाउनटाइम कसा देऊ?" साहेब, सवातीन तास दिलेतच की. फक्त वेळ तुम्ही निवडली नाहीत, जेसीबीवाल्याने निवडली.

त्या रुग्णालयात मागच्या महिन्यात पहिली कवायत झाली. पहिली फायबर काढली, ४१ सेकंद गेले. दुसरी काढायच्या वेळी माझा हात थरथरत होता, खोटं कशाला बोलू.

तुमच्या ऑफिसात दोन लिंक आहेत? शेवटची कधी उपटून बघितली होतीत, तेवढं खाली लिहा. मामा, तुम्ही नाही लिहिलंत तरी चालेल :)