दहा महिन्यांची नोकरी आणि २४० दिवसांचा हिशोब

गेल्या महिन्यात जुम्याच्या नमाजनंतर आमचा एक माजी विद्यार्थी भेटायला आला. भिवंडीकडच्या एका गोदामात पॅकिंगला होता, पगार १८ हजार. दहा महिने झाले होते. सुपरवायझरने सांगितलं, "काम कमी झालंय, उद्यापासून येऊ नको. राजीनामा लिहून दे, मग अनुभवाचा दाखला देतो." बरोबर आलेले त्याचे अब्बा म्हणाले, "सर, वर्ष कुठे झालंय? हक्क कसला मागणार?"

आपल्या वस्त्यांमध्ये हाच समज आहे. वर्ष भरलं नाही म्हणजे काहीच मिळत नाही. आणि मालक लोकांना हा समज फार सोयीचा पडतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्र सरकारने चार कामगार संहिता लागू केल्या. १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा जाऊन औद्योगिक संबंध संहिता आली. टीव्हीवर चर्चा झाली ती ३०० कामगारांच्या मर्यादेची. कामगार कपातीला सरकारची आधी परवानगी लागायची ती पूर्वी १०० कामगारांच्या कारखान्याला, आता ३०० च्या. कामगारांचं नुकसान झालंच, यात शंका नाही. पण त्या गोंगाटात एक गोष्ट मागे पडली. कपात केलेल्या कामगाराला एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार, आणि प्रत्येक वर्षाच्या नोकरीमागे १५ दिवसांच्या सरासरी पगाराची भरपाई, हा जुना हक्क नव्या संहितेतही आहे. अट एकच, एक वर्षाची सलग सेवा.

आता हे "एक वर्ष" म्हणजे काय? इथेच सगळी गोम आहे. कायद्याच्या भाषेत मागच्या बारा महिन्यांत २४० दिवस काम भरलं की एक वर्षाची सेवा धरली जाते. सुप्रीम कोर्टाने १९८० साली सुरेंद्रकुमार वर्मा खटल्यात सांगितलं की नोकरीला बारा महिने पूर्ण झालेच पाहिजेत असं नाही, २४० दिवस भरले की पुरे. १९८५ मध्ये अमेरिकन एक्सप्रेस बँकेच्या कामगारांच्या खटल्यात म्हटलं की पगारी रविवार आणि पगारी सुट्ट्याही त्या २४० मध्ये मोजायच्या. हे निकाल जुन्या कायद्यावरचे, पण २४० दिवसांची अट नव्या संहितेतही तशीच आहे. म्हणजे महिन्याच्या पगारावर असलेल्या मुलाचे २४० दिवस आठ महिन्यांत भरतात. ठेकेदार सहा-सात महिन्यांनी "ब्रेक" का देतात, ते आता लक्षात आलं असेल.

या मुलाचं पाहा. रविवार सोडून धरले तरी महिन्याला २६ प्रमाणे दहा महिन्यांचे २६० दिवस होतात. नोटिशीचे १८ हजार आणि भरपाईचे ९ हजार, मिळून २७ हजार. शिवाय नव्या संहितेत पुनर्कौशल्य निधी आहे. त्यात मालकाने आणखी १५ दिवसांचा पगार भरायचा आणि तो कपातीनंतर ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायचा, असं लिहिलंय. प्रत्यक्षात किती होतं ते बघू. आमचा फार भरवसा नाही.

पण राजीनामा लिहून दिला की हे सगळं संपलं. स्वतःहून सोडलेली नोकरी ही कपात नव्हे. म्हणून पालकांनो, मुलांना बजावून सांगा, दाखल्याच्या लालचेने सही करू नका. उलट व्हॉट्सअपवर साधं लिहा की "मी राजीनामा दिलेला नाही, मला आज कामावरून कमी केलं." तारीख आपोआप पडते.

पुरावाही कामगारानेच द्यायचा असतो. २००२ च्या हदिमानी खटल्यात कोर्टाने म्हटलंय की २४० दिवस भरले असं नुसतं प्रतिज्ञापत्र चालणार नाही. पगाराची चिठ्ठी, बँकेचं स्टेटमेंट, पीएफचं पासबुक, हजेरीचे फोटो जपून ठेवावे लागतात. पगार रोखीत घेण्याची आपल्याकडची सवय इथे महागात पडते. नियुक्तीपत्र देणं आता मालकाला बंधनकारक आहे, ते पहिल्याच महिन्यात मागा.

२४० दिवस भरले नाहीत तर? भरपाई नाही. मात्र राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत मिळाला पाहिजे, पीएफ तुमचाच आहे. शेवटी आलेल्याला आधी काढायचं हा नियम आहे. तुमच्या मागून त्याच कामाला आलेला ठेवला आणि तुम्हाला काढलं, तर मालकाला कारण नोंदवावं लागतं. वर्षाच्या आत परत भरती निघाली तर काढलेल्यांना आधी विचारायचं. जुन्या कायद्यातल्या अशाच कलमाबद्दल १९९६ साली कोर्टाने सांगितलं होतं की याला २४० दिवसांची अट नाही.

ठरावीक मुदतीच्या करारावर असाल तर गोष्ट वेगळी. एक वर्ष काम केलं की ग्रॅच्युइटी मिळते, हा नवा फायदा. पण मुदत संपली म्हणून घरी पाठवलं तर त्याला कपात म्हणत नाहीत.

आमच्या शिक्षक मंडळींना तर हा कायदा लागूच नाही. शिक्षक "कामगार" नाही, असं १९८८ मध्ये गोव्याच्याच एका शिक्षिकेच्या खटल्यात ठरलं. खाजगी शाळेत शिकवणाऱ्या आपल्या मुलींसाठी १९७७ चा महाराष्ट्राचा खाजगी शाळा कर्मचारी कायदा आहे. काढून टाकलं तर शाळा न्यायाधिकरणात ३० दिवसांत अपील करावं लागतं. महिनाभर संस्थाचालकांच्या घरी खेटे घालण्यात ही मुदत निघून जाते, असं आम्ही पाहिलंय.

कामगारांना मुदत जास्त आहे, पण पूर्वीची तीन वर्षं आता दोन झाली. आधी सहायक कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज द्यायचा. ४५ दिवसांत समेट झाला नाही तर थेट न्यायाधिकरणात जाता येतं, युनियन लागत नाही. नोकरी परत मिळेलच अशी आशा आम्ही कुणाला देत नाही, कोर्ट हल्ली बहुतेक वेळा रक्कमच देतं.

त्या मुलाने राजीनामा दिला नाही. बँकेचं दहा महिन्यांचं स्टेटमेंट काढून अर्जाला जोडलं. अर्ज मराठीत आमच्याच ओट्यावर लिहिला, दोन प्रतींत. दुसऱ्या प्रतीवर कार्यालयाचा शिक्का घेतलाय. पुढची तारीख मिळायची आहे.