आधी घर, मग पोकलेन

छत्रपती संभाजीनगरमध्ये मुकुंदवाडीपासून पडेगाव-मिटमिट्यापर्यंत महापालिकेने २०२५ च्या ऐन पावसाळ्यात पाडापाडी केली. रस्ते मोकळे झाल्याचे प्रशासन सांगते. ज्यांची घरे गेली ते कुठे गेले, हे सांगत नाही. पोकलेन दारात येण्याआधी गॅसची टाकी, मुलांची दप्तरे, पाण्याचे ड्रम बाहेर काढायचे आणि नंतर ढिगाऱ्यातून शाबूत पत्रे वेचायचे, एवढेच या कुटुंबांच्या हाती उरले. तेच पत्रे उद्या दूरच्या एखाद्या गुंठेवारीत उभे राहतील. म्हणून आमचे म्हणणे एकच आहे: आधी घर द्या, मग पाडा. अतिक्रमण ते अतिक्रमण, विकास आराखड्यातला रस्ता कुणी का अडवावा, असा युक्तिवाद होतो. रस्ता हवाच. पण परवडणारे अधिकृत घर गरिबाला या शहरात मिळत कुठे होते? पंतप्रधान आवास योजनेच्या सुमारे ४० हजार घरांची निविदाच गैरव्यवहारात अडकली. २०२३ मध्ये गुन्हा नोंदला गेला, ‘ईडी’चे छापे पडले. मालकी हक्काचा कागद असलेल्याला निदान मोबदल्यासाठी भांडता येते, भाडेकरूच्या हाती तेही नाही. पाडापाडी झाली तेव्हा महापालिकेत एप्रिल २०२० पासून नगरसेवकच नव्हते. या माणसांनी गाऱ्हाणे न्यायचे होते कुणाकडे?

याच शहराच्या वेशीवर, बिडकीनमध्ये, टोयोटा, जेएसडब्ल्यू, एथर यांच्या विजेवरील वाहनांच्या प्रकल्पांसाठी पायघड्या घातल्या जातात. या वाहनांच्या मोटरला लागणाऱ्या दुर्मिळ खनिजांच्या चुंबकांची निर्यात चीनने एप्रिल २०२५ मध्ये आवळली, बजाजने ऑगस्टमध्ये विजेवरील वाहनांचे उत्पादन ठप्प होण्याचा इशारा दिला आणि थेट दिल्लीत धावाधाव सुरू झाली. चुंबकासाठी ती व्हायलाच हवी. कामगाराच्या छपरासाठी मात्र कुणी धावत नाही, ही खरी चीड आणणारी बाब आहे. भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे वचन जगाला दिले आहे. त्या वचनात गाड्या आहेत, सौरऊर्जा आहे, पण मे महिन्यात रात्री दहालाही न निवणारी पत्र्याची खोली नाही. मराठवाड्यात हवामानबदलाचा पहिला चटका बसतो तो तिथेच, आणि त्यात नळाला पाणी कित्येक दिवसांनी. उन्हापासून वाचवणारे पक्के घर हे हवामान धोरणाचेच काम आहे, ते पालिकेच्या दयेवर सोडता येणार नाही. पुढच्या रस्त्यावर खुणा करण्याआधी महापालिकेने भाडेकरूंसह प्रत्येक बाधिताची यादी आणि त्याला घर कुठे, कधी मिळणार ती तारीख जाहीर करावी. राज्य सरकारने बिडकीनमध्ये कारखान्यांइतक्याच तत्परतेने कामगार वसाहतीसाठी जमीन राखून ठेवावी.