पाट्याची चव आणि बाईचा खांदा

'मिक्सर आला अन् चटणीची चव गेली' असं म्हणणारी माणसं मला आजवर पुष्कळ भेटली. त्यांतल्या एकानंही स्वतः कधी पाट्यावर चटणी वाटलेली नव्हती. म्हणणारे सगळे खाणारे. काही आमच्याच पारावरचे, काही हुरड्याच्या दिवसांत शहरातून गाड्या घेऊन येणारे. वरवंटा धरणारीनं हे वाक्य म्हटलेलं माझ्या कानावर अजून आलेलं नाही.

हुरड्याला येणारी मंडळी भली असतात, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण कृषी पर्यटनाच्या नावाखाली जातं गेरूनं रंगवून, भोवती रांगोळी काढून मांडून ठेवलेलं असतं. शहरातली बाई त्याच्यापुढं बसते, खुंट्याला हात लावून चार फेरे फिरवते, फोटो निघतो. मग कोणीतरी म्हणतं, "किती छान व्यायाम होता हो पूर्वीच्या बायकांना! म्हणून तर त्या ठणठणीत होत्या." चार फेऱ्यांचा व्यायाम होतो, हे खरं. चारशे फेऱ्यांचं काय होतं, ते मी सांगतो.

माझा जन्म 1959चा. घरात आम्ही अकरा माणसं खाणारी, आणि खाणं ज्वारीचं. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, भाकरी थापताना चिरते. म्हणून आठ दिवसांचं दळून ठेवावं तर सोय नाही. रोजचं रोज दळावं लागे. पायलीभर ज्वारी दळायला आई आणि चुलती पहाटे उठून समोरासमोर बसत, आणि दोन तास जातं ओढत. मग आडावरनं पाणी. मग शेण, झाडलोट, धार. मग चूल पेटवून भाकरी. मग डोक्यावर पाटी घेऊन रानात. 1972च्या दुष्काळात तर दिवसभर कामावर खडी फोडायची आणि पहाटे उठून मिलो दळायची. चाळिशीच्या आत आईचा उजवा खांदा गेला. हात डोक्यावर जाईना. वेणी घालायला तिला माझी बहीण लागायची. याला कोणी व्यायाम म्हणत असेल, तर त्यानं तो करावा. जातं अजून आमच्या वाड्यात पडून आहे, मी फुकट देतो.

गावात डिझेलवरची पिठाची गिरणी आली तेव्हा मी चौथी-पाचवीत असेन. तेव्हाही हीच भाषा होती. गिरणीत पीठ जळतं, सत्त्व जातं, बायकांना आयतं खायची सवय लागते. आमच्या आजोबांनी वर्षभर गिरणीचं पीठ घरात येऊ दिलं नाही. शेवटी एक दिवस आजी म्हणाली, "बरं. मग उद्यापास्नं तुमचं तुमी दळा. आमाला सत्त्व नको." दुसऱ्या दिवशी दळण गिरणीत गेलं. सत्त्वाचा विषय पुन्हा निघाला नाही.

आता दुसरी बाजू बघा. आमच्या विहिरीवर मोट होती. मोटेवर गाणी होती, तीही सुंदर होती. 1978 साली आमच्या वडिलांनी सोसायटीचं कर्ज काढून ऑइल इंजन बसवलं. मोट सुटली, नाडा-सोंदूर अडगळीत पडलं. त्या दिवशी नारळ फुटला, पेढे वाटले. मोट गेली म्हणून बाप्या माणूस आळशी झाला, असं कोणी म्हणालं का? इंजनाच्या पाण्यानं उसाची चव गेली, असं कोणी म्हणालं का? नाही. पुढं मळणीयंत्र आलं, खळं गेलं, पात गेली. ट्रॅक्टर आला, नांगर गेला. प्रत्येक वेळी आम्ही म्हणालो, प्रगती झाली. बाप्याचं कष्ट वाचवतं ती प्रगती, आणि बाईचं कष्ट वाचवतं ते आळसाचं लक्षण, असला हा हिशेब आहे. मी दहावीपर्यंतच शिकलोय, पण हा हिशेब खोटा आहे एवढं कळायला दहावी पुष्कळ झाली.

ओव्यांचं नाव घेऊन काही जण हळवे होतात. जातं गेलं, ओवी गेली म्हणतात. पहिली गोष्ट, ओवी जात्याच्या प्रेमानं आलेली नाही. एवढं जड काम ओढायचं तर तोंडात काहीतरी हवं, आणि जे दिवसा सासूपुढं बोलता येत नाही ते पहाटेच्या अंधारात दगडापुढं बोलता येतं, म्हणून ती आली. कैदी तुरुंगात सुंदर कविता लिहील. म्हणून तुरुंग ठेवायचा का? दुसरी गोष्ट, ओवी गेलेली नाही. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉयटवाँ यांनी आपल्या सोबत्यांना घेऊन गावोगाव फिरून एक लाखावर ओव्या गोळा केल्या, कितीतरी टेपवर धरून ठेवल्या. बहिणाबाईंची गाणी त्यांच्या मुलानं लिहून ठेवली, 1952 साली पुस्तक निघालं, म्हणून ती आपल्यापर्यंत आली. म्हणजे बायकांचं गाणं वाचलं ते कागदानं आणि यंत्रानं. जात्यानं फक्त खांदे खाल्ले.

चवीबद्दल मी खोटं बोलणार नाही. पाट्यावरची चटणी वेगळी लागते. पाट्यावर शेंगदाणा रगडला जातो, त्याचं तेल सुटतं. मिक्सरचं पातं नुसतं कापतं आणि भांडं तापतं. फरक आहे. ज्याला तो फरक हवा असेल त्यानं रविवारी पाट्यापुढं मांडी घालून बसावं. पाट्याला मी नको म्हणत नाही. जिभेनं हुकूम सोडायचा आणि हात दुसऱ्याचे वापरायचे, याला नको म्हणतो.

शेतकऱ्याच्या घरात यंत्रं कोणत्या क्रमानं येतात, हे कधी मोजलंय? आधी मोटर. मग मोटरसायकल. मग टीव्ही. मग कडबाकुट्टी, कारण बैलाला आणि म्हशीला बारीक चारा बरा. म्हशीचं खाणं बारीक करायचं यंत्र घरात आलं, तरी माणसाचं वाटण बारीक करायचं यंत्र येत नाही. ते येतं पोराच्या लग्नात, सुनेच्या माहेरून, संसाराच्या भांड्यांत कुकरशेजारी बांधून. म्हणजे सासरच्या अकरा माणसांचं वाटण सोपं करायचं यंत्रसुद्धा सुनेच्या बापानं उसनंपासनं करून घ्यायचं. आणि ते बिघडलं की म्हणायचं, "राहू दे, पाटा आहे की." मोटर जळली तर त्याच रात्री आम्ही ती मोटरसायकलवर घालून तालुक्याला रिवाइंडिंगला नेतो. मिक्सर जळला तर तो दिवाळीपर्यंत फडताळात असतो.

वर 'लाइटबिल किती येतं' हे आहेच. आता हिशेबच मांडतो. पाचशे वॅटचा मिक्सर रोज दहा मिनिटं फिरवला तर महिन्याला अडीच युनिट होतात. पाच एचपीची मोटर म्हणजे तीन हजार सातशेच्या वर वॅट. ती पाऊण तास चालली की अडीच युनिटपेक्षा जास्तच खाते. म्हणजे बाईचा महिनाभराचा मिक्सर हा आमच्या विहिरीवरच्या मोटरचा पाऊण तास आहे. एवढ्यावर घरात भांडणं होतात.

सरकारी खात्याचंही तेच. मळणीयंत्राला अनुदान, पॉवर टिलरला अनुदान, पंपाला अनुदान. ते हवंच, मी शेतकरी आहे, मी नको कसं म्हणेन? पण धुणं, वाटण, दळण हे कोणाच्या कामात धरलेलं नाही. 2019 साली सरकारनंच देशभर वेळेची मोजणी केली होती. घरकाम करणारी बाई दिवसाला 299 मिनिटं घरकामात घालते, आणि घरकाम करणारा बाप्या 97 मिनिटं. तोही घरकाम करणारा बाप्या. मुळात चारांत एखादाच असा सापडला.

आणि गावठाणात लाइट असते, वस्तीवर नसते, हे शहरातल्या वाचकाला सांगावं लागेल. आमच्याकडं रानात राहणाऱ्या घरांना शेतीच्या लाइनीवरची लाइट मिळते. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, तीही मोजक्या तासांची. रात्रपाळी आली की बाप्या दारं धरायला उठतो, त्याचं दुःख पेपरात येतं, यावंच. पण त्याच वेळी घरातली बाईही उठते. टाकीत पाणी भरून घ्यायचं, मिक्सर फिरवायचा, असलंच तर मशीनमधलं धुणं पिळून घ्यायचं. रात्री दोन वाजता वस्तीवर मिक्सरचा आवाज ऐकलाय तुम्ही? तिचं कुठं येत नाही.

गॅसचं बघा. 2016 साली उज्ज्वला योजना आली, चुलीशेजारी सिलिंडर आला, चांगलं झालं. पण भरून आणायचे पैसे काढायची वेळ आली की सिलिंडर पाहुण्याच्या चहापुरता राहतो. बाकी भाकरी पऱ्हाट्यांवर आणि गोवऱ्यांवर. धूर फुकट आहे ना. डोळे आणि छाती कोणाची, हे कोणी विचारत नाही.

याचा अर्थ दिसेल ते यंत्र घ्या, असं मी म्हणत नाही. जत्रेत 'एका मिनिटात भाजी' म्हणून घेतलेली प्लास्टिकची खेळणी पुष्कळांच्या माळ्यावर आहेत. भाकरीचं यंत्र म्हणून जे दाखवतात ते कणकेच्या लाटीसाठी केलेलं असतं. ज्वारीच्या पिठाला तसा चिवटपणा नसतो, भाकरी हातावरच थापावी लागते. म्हणून घेण्याआधी जाहिरातवाल्याला विचारू नका, घरातल्या बाईला विचारा. कोणतं काम अंगावर येतं? यंत्र धुवायला, पुसायला किती वेळ जाईल? बिघडलं तर तालुक्यात कोण नीट करतो? बायका याची उत्तरं झटक्यात देतात. बहुतेक घरांत पहिलं उत्तर मिक्सरही नसतं, कपड्याची मशीनही नसते. ते असतं दारात नळ. डोक्यावरचा हंडा उतरवतो, त्याच्याइतकं मोठं यंत्र मला दुसरं ठाऊक नाही.

आणखी एक. यंत्रानं वाचलेला वेळ कोणाचा, हेही ठरवून टाका. दळणाचे दोन तास वाचले, तर बाई दोन तास आधी खुरपायला जाते. मशीननं धुणं सोपं केलं, तर घरातली पोरं दिवसातनं दोनदा कपडे बदलतात. वेळ वाचतो आणि दुसरंच कोणीतरी तो खाऊन टाकतं. तो तिचा आहे. तिनं त्यात झोपावं, शेजारणीकडं बसावं, पेपर वाचावा, नाहीतर नुसतं ओट्यावर पाय पसरून बसावं. त्याचा जाब मागू नका. मोट सुटल्यावर वाचलेल्या वेळेत आपण पारावर बसून काय केलं, ते तिनं कधी विचारलं नाही.

आणि बटण दाबायला बाईचाच हात लागतो असं कंपनीनं कुठं लिहिलेलं नाही. भर पावसात विहिरीत उतरून फुटव्हॉल्व्ह काढतो, अंधारात स्टार्टरची वायर जोडतो, त्या गड्याला कपड्याची मशीन कळत नाही, यावर कोण विश्वास ठेवील?

यंदा सोयाबीनचे, नाहीतर उसाचे पैसे हातात येतील. खत, बियाणं, सोसायटी, पोरांच्या फिया असा कागद आपण करतोच. त्या कागदावर घरातल्या कामाची एक ओळ घाला, आणि ती शेवटी घालू नका. शेवटच्या ओळीपर्यंत पैसे कधी पुरत नाहीत, हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे.